पावती घेण्याआधी मुलाचं वेळापत्रक विचारा

रमजान लागला की भिवंडीत पावतीपुस्तकं फिरू लागतात. बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, खान्देश, कुठून कुठून मदरशांचे सफीर येतात. तरावीहनंतर मशिदीच्या दारात उभे राहतात, लूमच्या कारखान्यात सेठच्या गादीसमोर बसतात, लिफ्ट नसलेल्या इमारतींचे चार-चार मजले चढतात. आपण रक्कम सांगतो, ते पावती फाडतात, दुआ देतात आणि पुढच्या दाराकडे वळतात. सगळा व्यवहार दोन मिनिटांचा. पावतीवर आपलं नाव असतं, रक्कम असते, पैसे कोणत्या खात्याचे ते लिहिलेलं असतं: जकात, फित्रा, लिल्लाह. ज्या मुलाच्या नावाने हे पैसे गेले, तो दिवसभर काय शिकतो, हे त्या कागदावर नसतं आणि कोणी विचारतही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे विचारायला हवं. निवासी मदरशातल्या मुलाला दहावीपर्यंतचं शिक्षण मिळत नसेल तर सरकार जबाबदार आहे आणि मदरसा चालवणारेही आहेत. पण ज्यांच्या पैशावर तो मदरसा चालतो, त्यांची जबाबदारी या दोघांपेक्षा कमी नाही. आणि ते पैसे देणारे कोण? आता तुम्ही आणि मी. नोकरी लागलेली, पगार खात्यात येणारी, मोबाईलवरून जकात पाठवणारी ही पिढी.

मी भिवंडीत राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. गेली तीन वर्षं दर रविवारी एका निवासी मदरशात मुलांना गणित शिकवतो. त्यामुळे पुढचं सगळं बघून लिहितो आहे.

एका मुलाचा दिवस

फजरच्या आधीच हाक येते. वुजू, नमाज, आणि जानमाज गुंडाळली की लगेच सबक. हिफ्ज करणाऱ्या मुलाच्या अभ्यासाचे तीन भाग असतात. सबक म्हणजे आजचा नवा पाठ. सबक-पारा म्हणजे सध्या चालू असलेल्या पाऱ्याचा ताजा भाग. आमोख्ता म्हणजे आधी पाठ झालेले पारे पुन्हा म्हणून दाखवणं, कारण पाठ केलेलं सांभाळणं हे पाठ करण्याहून कठीण. नाश्त्याला चहा आणि पाव. मग पुन्हा बैठक. अकरा-साडेअकराला दस्तरखान अंथरतात, डाळ-रोटी किंवा भात, कोणाकडून आलं तर गोश्त. नंतर थोडा वेळ झोप. जोहरनंतर असरपर्यंत आमोख्ता. असर ते मगरिब खेळ. मगरिबनंतर उद्याच्या सबकाची तयारी, इशा, जेवण, दिवे बंद. गुरुवारी दुपारनंतर मोकळीक, शुक्रवारी सुटी: कपडे धुणं, नखं कापणं, जुम्मा. शव्वालमध्ये वर्ष सुरू होतं, शाबानमध्ये संपतं.

मी जातो त्या मदरशात हिशेब केला. पाठांतराचे नऊ तास. गणित, मराठी, इंग्रजी, विज्ञान मिळून शून्य.

त्या नऊ तासांची मी थट्टा करत नाही. तीस मुलं एकाच वेळी मोठ्याने वेगवेगळ्या पानांवरचं म्हणत असतात, आणि त्या गलक्यात हाफिजसाहेब एका कोपऱ्यातल्या मुलाची एक जेर-जबर चुकलेली अचूक पकडतात. अररियाहून आलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला अठरा पारे पाठ आहेत. कुठलीही आयत विचारा, पानाच्या वरच्या भागात आहे की खालच्या, तेही सांगतो. ज्याला हे जमतं त्याला समीकरण जमणार नाही, असं मला कोणी सांगू नये.

शिकवायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोहतमिमसाहेबांनी प्रेमाने असर ते मगरिबची वेळ देऊ केली. दिवसभरात तेवढीच रिकामी होती. पण ती मुलांच्या खेळण्याची वेळ. मी नको म्हणालो. मग जोहरनंतरची पाऊण तासाची जागा निघाली, आमोख्ता थोडा मागे सरकला. हिफ्ज कोसळला नाही. वेळापत्रक लिहिणाऱ्याच्या मनात असेल तर जागा निघते, एवढं त्या दिवशी दिसलं.

अपूर्णांक शिकवायला मला पुस्तक लागलं नाही. मुलांच्या हातातल्या मुसहफमध्ये प्रत्येक पाऱ्याच्या कडेला पाव, अर्धा आणि पाऊण पारा कुठे पूर्ण होतो त्याच्या खुणा असतात. त्या रोज बघितलेल्या. फळ्यावर विचारलं, साडेअठरा पारे झाले तर तीसपैकी किती झाले? दोन रविवारांत मुलं छेद सारखे करू लागली. साठपैकी सदतीस.

फराइज विचारा

आपल्या लोकांना अल-ख्वारिज्मीचा फार अभिमान. 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्या नावावरून आला, 'अल्जिब्रा' त्याच्या पुस्तकाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून आला, हे स्टेटसवर टाकणारे माझ्या संपर्कातच पन्नास निघतील. त्याच पुस्तकाचा मोठा भाग वारसा आणि वसीयतीच्या वाटण्यांवर आहे, हे फार कोणी टाकत नाही. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये गणित हवं होतं कारण मयताच्या मालमत्तेचे हिस्से बरोबर पडायला हवे होते.

एक उदाहरण घ्या. माणूस वारला. मागे पत्नी, दोन मुली, आई आणि वडील. पत्नीचा १/८, मुलींचा मिळून २/३, आईचा १/६, वडिलांचा १/६. छेद २४ केला तर ३, १६, ४ आणि ४. बेरीज २७. चोवीस हिश्श्यांच्या मालमत्तेत सत्तावीस हिस्से! मग काय करायचं? छेदच २७ करायचा, म्हणजे प्रत्येकाचा वाटा त्याच प्रमाणात थोडा घटतो. पत्नीला १/८ ऐवजी १/९ मिळतो. याला औल म्हणतात, आणि हा मसला हजरत अली यांनी मिंबरवरून सोडवला म्हणून तो मिंबरिया नावाने ओळखला जातो.

भिवंडीत हे फक्त किताबातलं उदाहरण नाही. इथे लूमचे गाळे आहेत, गोदामांना दिलेल्या जमिनी आहेत, एका खोलीवर पाच भावा-बहिणींचा हक्क आहे. बहिणींचे हिस्से गिळले जातात. वाटणीचा हिशेब घेऊन लोक मौलानांकडे जातात. ज्या मुलाला आपण उद्या हिस्से पाडायला बसवणार, त्याला लसावि शिकवायचा नाही, हा कुठला दीन? गणित ही दीनमध्ये घुसवलेली परकी गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांना आपला वारसा ठाऊक नाही. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलमध्ये मुल्ला निजामुद्दीन यांनी ज्या अभ्यासक्रमाला आकार दिला, त्या दर्स-ए-निजामीत तर्कशास्त्र होतं आणि गणितही होतं. ते कमी कमी होत गेलं ते आपल्या हातून.

कायद्याने मोकळं सोडलं, पोलिसांनी धरलं

६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात एक वाक्य आलं: मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू नाही. आपल्या संघटनांनी तो विजय मानला. विजय कोणाचा? संस्थेला सूट मिळाली. पण त्या सुटीबरोबर शिक्षकांची संख्या, शिकवण्याचे तास, छडीवरची बंदी, हे सगळं मुलाच्या वाट्याचंही गेलं. वैदिक पाठशाळेतल्या मुलाचंही तेच झालं. इथे आपण एकाच नावेत आहोत.

मग २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने जाहीर केलं की गणित-विज्ञानासारखे विषय न शिकवणाऱ्या मदरशातली मुलं शाळाबाह्य धरली जातील. आपल्याकडे ओरड झाली. सरकारच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा होती, मी ती नाकारत नाही. पण त्या ओरडण्यात एक साधा प्रश्न बुडाला: ती मुलं शाळेत होती का?

आणि ३० मे २०२३ ची गाडी आठवा. दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची ५९ मुलं पुणे आणि सांगलीच्या मदरशांकडे निघाली होती. भुसावळ आणि मनमाडला त्यांना उतरवलं गेलं, सोबतच्या पाच जणांवर मुलांच्या तस्करीचा गुन्हा लागला, अटक झाली. मुलं बारा दिवस बालगृहात राहिली. पुढच्या वर्षी पोलिसांनीच प्रकरण बंद केलं, गुन्हा गैरसमजातून दाखल झाला असं सांगून. निर्दोष माणसं चार आठवडे तुरुंगात बसली. टोपी-कुर्त्यातली मुलं दिसली की तस्करी आठवणाऱ्या यंत्रणेला याचा जाब विचारायलाच हवा.

पण आपल्यालाही त्या गाडीतून दोन गोष्टी दिसायला हव्या होत्या. एक, प्रत्येक मुलामागे पालकाचं संमतीपत्र, ओळखपत्र आणि प्रवेशाचा कागद सोबत ठेवला तर आपली माणसं सुरक्षित राहतात. दुसरी, आठ वर्षांचं मूल दीड हजार किलोमीटर दूर का पाठवावं लागतं? कारण तिथे घरात भाकरी पुरत नाही आणि मदरसा दोन वेळचं फुकट देतो. मदरशाने ते दिलं हे मोठं काम आहे. पण जेवू घातलं म्हणून मुलाचं बालपण आपल्याला लिहून मिळालं असं होत नाही.

नेहमीची उत्तरं

"मदरशात जातातच किती? तीन टक्के." खरं आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितलं की शाळेच्या वयातली ३ ते ४ टक्के मुस्लिम मुलंच मदरशात शिकतात. टीव्हीवर बसून सगळ्या मुसलमानांना मदरशात कोंबणाऱ्यांना हा आकडा जरूर ऐकवा. पण आपसात बोलताना त्याच्या आड लपू नका. हे तीन टक्के म्हणजे आपल्यातले सर्वांत गरीब. पावती फाडणाऱ्याचा मुलगा त्यात नसतो.

"हिफ्जला डोकं मोकळं लागतं, शाळा आली की हिफ्ज होत नाही." मुंबई-मुंब्र्याकडे अशा इंग्रजी शाळा आहेत जिथे भरपूर फी घेऊन शाळेबरोबर हिफ्जही करून घेतात. फी भरणाऱ्याच्या मुलाच्या डोक्यात दोन्ही मावतं आणि फुकट जेवणाऱ्याच्या डोक्यात एकच? हा दीनचा नियम नाही, ही वर्गाची भिंत आहे. केरळात जा. तिथे समस्ताच्या मंडळाने १९५१ पासून मदरशांची व्यवस्था बांधली. मुलं-मुली सकाळी मदरशात जातात आणि नंतर शाळेत. तिथला दीन कमी झालेला नाही. लांब कशाला, आळंदीत वारकरी संस्थांत राहून पखवाज आणि कीर्तन शिकणारी कितीतरी मुलं गावातल्या शाळेतही जातात. आपल्या राज्यातच नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याला मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी उभ्या केलेल्या जामियात हिफ्ज आहे आणि अभियांत्रिकी, फार्मसी, बी.एड. सुद्धा आहे. तो दारुल उलूम देवबंदच्या मोहतमिमपदापर्यंत पोहोचलेला आलिम होता, कोणी बाहेरचा सुधारक नव्हे.

"सरकारला बोट दिलं की ते हात धरतं." ही भीती खोटी नाही. आसामने २०२० मध्ये कायदा करून सरकारी मदरसेच साध्या शाळा करून टाकले. महाराष्ट्रात डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना २०१३ पासून आहे, २०२४ मध्ये तिच्यातल्या शिक्षकांचं मानधन वाढलं, तरी अनेक मदरसे ती घेत नाहीत. नका घेऊ. दहावीला बसायला मदरशाने सरकारचा एक रुपया घेण्याची गरज नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची, दहावी चौदा वर्षं पूर्ण झालेला मुलगा स्वतःच्या नावावर देतो, उर्दूत किंवा मराठीत. जमियत उलेमा-ए-हिंदने याच वाटेने मदरशातल्या मुलांसाठी २०२१ मध्ये मुक्त शाळा सुरू केली. जमियतला चालतं ते आपल्या गल्लीतल्या मदरशाला का चालू नये?

आणि चौदाच्या आतल्या मुलांचं? कायद्याने सूट मदरशाला दिली, मुलाचा हक्क काढून घेतलेला नाही. मदरशात राहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचं नाव जवळच्या महापालिकेच्या उर्दू शाळेत वयाप्रमाणे इयत्तेत घालता येतं. कागद कमी आहेत म्हणून शाळा नाही म्हणू शकत नाही. दुपारी शाळा, पहाटे आणि संध्याकाळी हिफ्ज. अडचण वाट चालण्याची आहे, कायद्याची नाही.

"दहावी करून काय मिळतं?" हे विचारणारे बहुतेक पदवीधर असतात. दहावी नसेल तर आयटीआयच्या बहुतेक ट्रेडचं दार बंद. दहावी नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का, म्हणजे सौदी-कुवेतला कामाला जाताना सरकारी मंजुरीचा वेगळा फेरा आणि एजंटच्या पायऱ्या. दरवर्षी मदरशांतून जितके हाफिज बाहेर पडतात तितक्या मशिदी बांधल्या जात नाहीत. राहिलेले काय करतात ते भिवंडीत बघा: कांडी भरण्याच्या मशीनवर, गोदामात हमालीला, बिस्सीत भांडी घासायला. काम कुठलंच हलकं नाही. पण निवड करायची संधी कोणी काढून घेतली? आणि जो इमाम होतो, त्याला मराठी नको? मशिदीच्या लाऊडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज, पोलीस ठाण्याची नोटीस, महापालिकेचं पाणीबिल सगळं मराठीत येतं. या राज्यात मराठी शाळेत सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. आपल्या इमामाला मात्र नोटीस वाचून घ्यायला दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं.

पैसा मुलाचा आहे

आता मुद्द्यावर येतो. हनफी फिक्हमध्ये जकात अदा व्हायला तमलीक लागते, म्हणजे ती रक्कम गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते. इमारतीला जकात लागत नाही, पगाराला लागत नाही. मदरसा जकात घेतो ती गरीब विद्यार्थ्याच्या वतीने. मग हिशेब सरळ आहे: तो पैसा त्या मुलाचा आहे. मदरसा त्याचा वकील. वकिलाला अशिलाचं हित विचारणं ही गुस्ताखी कशी होईल?

म्हणून पावती घेण्याआधी पाच गोष्टी विचारा. अदबीने, पण विचारा.

एक: मुलांची यादी, पालकांची संमतीपत्रं आणि ओळखपत्रं आहेत का?

दोन: चौदाच्या आतल्या किती मुलांची नावं शाळेत आहेत, आणि चौदाच्या वरची किती मुलं यंदा दहावीला बसली?

तीन: दिवसात गणित आणि भाषांना किती वेळ आहे? वेळापत्रकाचा फोटो द्या.

चार: मूल घरी फोन कधी करतं, आणि कोणी मारलं किंवा अंगाला हात लावला तर त्याने कोणाला सांगायचं? बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा मदरशालाही लागू आहे, तिथे कुठली सूट नाही. एका उस्तादावर तीस मुलं दिवसरात्र सोपवायची, पगार तुटपुंजा द्यायचा आणि मग छडी उठली की नवल करायचं, हेही थांबायला हवं.

पाच: वर्षाचा ऑडिट झालेला हिशेब कुठे बघायला मिळेल?

उत्तर नसेल तर दारातून हाकलू नका. सांगा, पुढच्या रमजानपर्यंत यातलं एक सुरू करा, आम्ही मदत करतो. मुलाची परीक्षा फी आणि पुस्तकं जकातीतून त्याच्या हाती देता येतात. गणिताच्या शिक्षकाचा पगार जकातीतून देता येत नाही, तर तो लिल्लाहमधून द्या. चार मित्रांनी दरमहा थोडे थोडे काढले तर एका मदरशाचा शिक्षक निघतो. पैसे नसतील तर रविवार द्या. फक्त मुलांचा असर-मगरिबचा खेळ घेऊ नका.

आणि एक गोष्ट आजपासून बंद करा. नवा गाळा घेतला, लूम बसवली, दुकान उघडलं की बरकतीसाठी मदरशातून वीस मुलं बोलवायची, कुरआनखानी करवून घ्यायची, बिर्याणी खिलवायची आणि परत पाठवायची. त्या दिवशी त्या मुलांचा सबक बुडतो. बरकत हवी असेल तर स्वतः बसून वाचा. मुलांना बिर्याणी तशीच पाठवा.

सफीर मान खाली घालून येतो, कारण गेली कित्येक वर्षं आपण त्याला फक्त रक्कम सांगत आलो. त्याला प्रश्न विचारला तर तो तो मोहतमिमपर्यंत नेईल. दहा दारांत एकच प्रश्न ऐकला तर शव्वालमध्ये नवं वेळापत्रक लिहिताना तो प्रश्न समोर असेल. मी जातो त्या मदरशातली सहा मुलं यंदा दहावीचा फॉर्म भरत आहेत. त्यांच्यातला एक अठरा पाऱ्यांवरून सव्वीसवर आला आहे, आणि त्याचा गणिताचा पेपर मार्चमध्ये आहे.